टपाल तिकिटांतील खरे आणि खोटे

आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी अनेकांच्या घरी जुन्या तिकिटांचा एखादा तरी संग्रह असतो. बदलीच्या नोकरीत गावोगाव हिंडलेल्या माणसाला पत्रे फार येतात आणि पत्रांबरोबर तिकिटेही येतात. हे संग्रह आता पुढच्या पिढीच्या हाती जात आहेत. त्यांतील काय खरे आणि काय बनावट हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. तिकीट हा इतिहासाचा एक कागद आहे आणि खोटा कागद खोटी साक्ष देतो. म्हणूनच सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे.

मराठी माणसाला हा विषय तसा परका नाही. 1852 च्या अकराव्या कायद्यान्वये मुंबई इलाख्यात इनाम कमिशनने घरोघरच्या सनदा तपासण्यास घेतल्या. कागद कोणता, शिक्का कोणाचा, मोर्तब आहे की नाही, मितीचा मेळ बसतो की नाही, हे प्रश्न तेव्हा अनेक घराण्यांच्या पोटापाण्याचे प्रश्न झाले. तिकिटाची परीक्षाही नेमक्या याच प्रश्नांनी होते.

योगायोग असा, की हिंदुस्थानातील टपाल तिकिटाचा इतिहासही 1852 सालीच सुरू होतो. सिंधचे कमिशनर बार्टल फ्रियर यांनी त्या वर्षीच्या 1 जुलैपासून अर्ध्या आण्याचे ‘सिंध डाक’ तिकीट प्रचारात आणले. हेच फ्रियरसाहेब पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. हे तिकीट गोल असून त्यावर ईस्ट इंडिया कंपनीचे व्यापारचिन्ह उठावाने उमटविलेले होते. त्याचा पहिला प्रकार लाल लाखेसारख्या ठिसूळ पदार्थाचा होता. तो हाताळताना तडकत असे, आणि त्यामुळे अखंड नमुने अत्यंत दुर्मिळ झाले. दुर्मिळता आली की नकला होतातच. नवख्या संग्राहकाला कोणी अखंड, तकतकीत लाल ‘सिंध डाक’ स्वस्तात देऊ करील, तर त्याने आनंदापूर्वी संशय धरावा हे बरे.

साऱ्या देशासाठी तिकिटे निघाली ती 1 ऑक्टोबर 1854 रोजी. कॅप्टन थुइलियर यांच्या देखरेखीखाली कलकत्त्याच्या सर्व्हेयर जनरलच्या कचेरीत ती शिळाछापावर छापली गेली. अपवाद दोन आण्यांच्या हिरव्या तिकिटाचा. ते उठावाच्या ठशांनी छापलेले आहे. चार आण्यांचे तिकीट दुरंगी आहे. आधी तांबडी चौकट आणि मग निळे मस्तक, असा तोच कागद दोनदा छापावा लागे. या खटाटोपात काही तिकिटांवर चौकट आणि मस्तक एकमेकांस उलटे पडले. ही उलट्या मस्तकाची तिकिटे जगप्रसिद्ध आहेत, आणि त्यांच्या नकलाही तितक्याच प्रसिद्ध आहेत.

या तिकिटांची परीक्षा कशी करावी? पहिली गोष्ट छपाईच्या पद्धतीची. शिळाछापात शाई कागदावर सपाट बसते. उठावाच्या ठशाने रेघांच्या कडांशी किंचित दाब उमटतो. चांगल्या भिंगाखाली हा फरक दिसतो. अस्सल तिकीट शिळाछापाचे आणि हातातले दाबाच्या खुणा दाखविणारे, तर अधिक चर्चेची गरज उरत नाही. दुसरी गोष्ट कडांची. 1854 च्या तिकिटांना छिद्रांच्या कडा नाहीत. ती कात्रीने कापलेली आहेत. तिसरी गोष्ट जलचिन्हाची, आणि येथे मात्र सावधगिरी हवी. कंपनीचे मोठे मानचिन्ह संपूर्ण तावावर पसरलेले होते. साहजिकच एकेका तिकिटावर त्याचा लहानसा तुकडा येतो, किंवा काहीच येत नाही. तेव्हा केवळ जलचिन्ह दिसत नाही म्हणून असे तिकीट खोटे ठरविणे अन्यायाचे होईल.

याउलट इंग्लंडातले एक प्रकरण पाहावे. 1898 साली चार्ल्स निसेन यांना तारेच्या जुन्या फॉर्मांवर चिकटविलेल्या एक शिलिंगच्या हिरव्या तिकिटांत काही विलक्षण नमुने आढळले. ती तिकिटे 1872 च्या सुमारास लंडनच्या शेअरबाजारातील तार कचेरीत वापरली गेली होती. खऱ्या तिकिटाच्या कागदात गुलाबाच्या डहाळीचे जलचिन्ह प्रत्येक तिकिटावर असते. या तिकिटांत ते नव्हते. शिवाय तिकिटांच्या कोपऱ्यांत छापलेली अक्षरे तावावरील त्यांची जागा दाखवीत. तावात वीस ओळी आणि प्रत्येक ओळीत बारा तिकिटे असत. त्यामुळे अक्षरांच्या काही जोड्या मुळी संभवतच नाहीत. बनावट तिकिटांवर नेमक्या अशाच अशक्य जोड्या होत्या. ही नक्कल संग्राहकांना फसविण्यासाठी नव्हती, खुद्द टपाल खात्याचे उत्पन्न बुडविण्यासाठी होती. ती सुमारे पंचवीस वर्षे कोणाच्या ध्यानात आली नाही आणि गुन्हेगारही सापडला नाही.

या दोन उदाहरणांतून एक तत्त्व निघते. जलचिन्हाचा अभाव एके ठिकाणी निर्णायक पुरावा, तर दुसरीकडे काहीच नाही. पुराव्याचे वजन त्या तिकिटाच्या जन्मकथेवरून ठरते. भोपाळ संस्थानच्या जुन्या तिकिटांवर ‘बेगम’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत अनेक ठिकाणी चुकीचा छापलेला आढळतो. तो पाहून कोणीही ‘बनावट’ म्हणेल. परंतु तेथे तावातील प्रत्येक तिकिटाची आकृती निरनिराळी काढलेली होती; म्हणून चुका अस्सल तिकिटांवरच आहेत. नीटनेटकेपणा म्हणजे सचोटी नव्हे, आणि ओबडधोबडपणा म्हणजे लबाडीही नव्हे.

संस्थानी तिकिटांत आणखी एक मध्यम वर्ग आहे, तो पुनर्मुद्रणांचा. फरीदकोट संस्थानाने 1887 मध्ये इंग्रज सरकारच्या टपालाशी करार केला. स्वतःच्या जुन्या तिकिटांची गरज संपल्यानंतरही ती संग्राहकांसाठी निरनिराळ्या रंगांत छापली गेली. त्यांना बनावट म्हणता येत नाही. पण त्यांनी कधी पत्रही वाहिले नाही. शिंद्यांच्या ग्वाल्हेरची गोष्ट निराळी. तेथे 1885 पासून इंग्रजी राज्याच्या तिकिटांवर संस्थानाचे नाव वरून छापून ती वापरीत. नागरी अक्षरांतील नावाची लांबी काही छपाईंत 13 ते 14 मिलिमीटर, तर काहींत 15 ते साडेपंधरा मिलिमीटर भरते. हा दीड-दोन मिलिमीटरांचा फरक ठाऊक नसणारा नकलाकार आपल्याच पट्टीने उघडा पडतो.

सर्वांत अवघड प्रतिस्पर्धी झाँ द स्पेराती. 1884 मध्ये इटलीत जन्मलेला हा इसम पुढे फ्रान्समध्ये स्थायिक झाला. स्वस्त पण अस्सल तिकिटावरील चित्र तो रसायनाने धुऊन काढी आणि त्याच कागदावर महागड्या तिकिटाचे चित्र छापी. कागद खरा, छिद्रे खरी, पुष्कळदा शिक्काही खरा! 1942 मध्ये त्याने पोर्तुगालला धाडलेले एक पाकीट फ्रेंच जकात अधिकाऱ्यांनी अडविले. तिकिटे अस्सल असल्याचा निर्वाळा तज्ज्ञांनी दिला. ती आपणच केली हे त्यालाच सिद्ध करीत बसावे लागले. अखेर 1954 साली ब्रिटिश फिलाटेलिक असोसिएशनने त्याचा साठा आणि साधने विकत घेऊन हा धंदा थांबविला.

अलीकडच्या काळातले उदाहरण म्हणजे 15 ऑगस्ट 1948 रोजी निघालेली गांधीजींची तिकिटे. ही नाशिकच्या मुद्रणालयात न छापता स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए कारखान्यात छापण्यात आली. त्यांतील दहा रुपयांचे तिकीट मोलाचे आहे. गव्हर्नर जनरलांच्या कार्यालयासाठी त्यावर ‘सर्व्हिस’ हा शब्द छापण्यात आला; अशी तिकिटे अवघी शंभर. आमच्या एका निवृत्त सहकाऱ्याच्या पश्चात त्यांच्या पत्नीने आम्हांस त्यांचा संग्रह दाखविला. त्यात हे तिकीट होते आणि मुलांच्या वाटणीत त्याचाच मोठा आधार धरलेला होता. तिकीट अस्सल होते. कागद, कडा, छपाई यांत काही उणे नव्हते. परंतु वरचा ‘सर्व्हिस’ शब्द मागाहून कोणा विक्रेत्याच्या साखळीत कोठे तरी उमटविलेला होता. भिंगाखाली त्याच्या अक्षरांची ठेवण अस्सल छायाचित्राशी जुळेना. खऱ्या वस्तूवर खोटा शब्द चढविल्याने तिचे खरे मोलही गेले. हे सांगणे आम्हांस जड गेले. पण वाटणीपूर्वी सांगितले म्हणून भावंडांत पुढे वितुष्ट आले नाही.

ज्यांच्या घरी असे संग्रह असतील त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. जलचिन्ह पाहायचे झाल्यास तिकीट काळ्या बशीत पालथे ठेवून त्यावर बेंझिनचे काही थेंब टाकतात. हे द्रव्य ज्वालाग्राही आहे, आणि काही रंग त्यात विरघळतात, म्हणून हे काम जाणत्याकडूनच करवावे. छिद्रे दोन सेंटिमीटरांत किती बसतात हे मोजपट्टीने पाहावे. अतिनील दिव्याखाली शतकापूर्वीचा म्हणविणारा कागद निळसर पांढरा चमकला, तर त्यात अलीकडची उजाळद्रव्ये आहेत असे समजावे. संगणकावरील नकलेत भिंगाखाली रंगीत ठिपके विखुरलेले दिसतात. टपाली शिक्क्याची तारीख तिकिटाच्या जन्माआधीची तर नाही, हेही पाहावे. आणि लिफाफ्यावरचे तिकीट कधीही सोडवू नये. पत्ता, शिक्के आणि तिकीट हे तीन साक्षीदार एकत्र असले की खोटे बोलणे कठीण जाते.

बनावट ठरलेले तिकीटही फेकू नये. त्याच्या पाठीवर पुसट शिसपेन्सिलीने तसे लिहून ते वेगळ्या पानावर ठेवावे. उद्या दुसऱ्या कोणाला खरे ओळखण्यास ते उपयोगी पडेल, आणि आपल्या वारसांची वाट त्याने चुकणार नाही.