निखाऱ्यांपाशी कोण उभं होतं?

मे महिना सरत आला की अमेरिकेतल्या पुस्तकांच्या दुकानांत दर्शनी टेबलावर एका खास जातीची पुस्तकं मांडली जातात. मुखपृष्ठावर लालबुंद निखारे, जाळीवर खरपूस भाजलेलं मांस आणि कणसं. मेअखेरच्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या लेबर डेपर्यंत तिथला उन्हाळा अंगणात आणि तळ्याकाठी घालवायचा असतो. तेव्हा काय रांधायचं आणि काय बांधून न्यायचं, ते ही पुस्तकं सांगतात. त्यांचा माग काढत गेलं की दोन घराणी हाती लागतात. एक इंग्लंडमधल्या सहलीच्या जेवणाचं, दुसरं अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या चरात पेटवलेल्या विस्तवाचं. पहिल्याची नोंद वेळच्या वेळी झाली. दुसऱ्याची व्हायला फार उशीर झाला, आणि हा उशीर आपोआप झालेला नाही.

इंग्लंडमध्ये 1861 साली इझाबेला बीटन यांचं ‘बुक ऑफ हाउसहोल्ड मॅनेजमेंट’ पुस्तकरूपात आलं. त्यात चाळीस माणसांच्या सहलीची यादीच दिली आहे. थंड भाजलेलं गोमांस, चार कोंबड्या, दोन बदकं, सहा लॉब्स्टर, लेट्यूसचे अठरा गड्डे, सहा काकड्या. शिवाय विसरू नयेत अशा वस्तूंची वेगळी यादी : घट्ट बूच लावलेली पुदिन्याच्या सॉसची बाटली, मोहरी, मीठ, तेल, कुटलेली साखर, तीन-चार चहाच्या किटल्या आणि बुचं काढायचे तीन स्क्रू. पाणी बहुधा जागेवरच मिळतं, ते वाहून नेऊ नये, असाही सल्ला आहे. या जेवणात चूल कुठेच नाही. सगळं घरी शिजवून, गार करून, टोपल्यांत भरून न्यायचं. एलिझाबेथ डेव्हिड यांनी 1955च्या ‘समर कुकिंग’मध्ये सहलीच्या खाण्याला जागा दिली. कैरोत जन्मलेल्या क्लॉडिया रोडन यांनी 1981 साली ‘पिकनिक’ हे अख्खं पुस्तक लिहून ही परंपरा इंग्लंडबाहेरच्या जेवणांपर्यंत नेली.

दुसऱ्या घराण्याची गोष्ट अशी सरळ नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत निवडणुकीची सभा असो की 4 जुलैचा उत्सव, जमिनीत लांबलचक चर खणायचा, त्यात हिकरीची किंवा ओकची लाकडं जाळून निखारे करायचे आणि वर आडव्या दांड्यांवर अख्खी डुकरं रात्रभर मंद आचेवर भाजायची. हाच बार्बेक्यू. खणणं, लाकूड फोडणं, रात्रभर जागणं हे सगळं काम गुलाम केलेल्या काळ्या माणसांचं होतं. मांस कधी उलटायचं, कुठले निखारे कुठे सरकवायचे, हे ज्ञानही त्यांच्याच हातात होतं. पण दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं कायद्याने गुन्हा होता. पुस्तक लिहिणार कोण?

लिहिलं ते मालकिणींनी. मेरी रँडॉल्फ यांच्या 1824च्या ‘द व्हर्जिनिया हाउसवाइफ’मध्ये डुकराच्या पिल्लाच्या बार्बेक्यूची कृती आहे. मांस परातीत ठेवायचं, पाणी, लसूण, मिरी, तांबडी वाइन आणि मश्रूमचं केचप घालायचं, भट्टीत भाजायचं आणि लोणी-पिठाने रस्सा दाट करायचा. नाव बार्बेक्यूचं, पण चर नाही, निखारे नाहीत, रात्र जागवणं नाही. स्वयंपाकघराच्या दारातून जेवढं आत येऊ शकलं, तेवढंच कागदावर उतरलं. दक्षिण कॅरोलायनात गुलामीत जन्मलेल्या अॅबी फिशर यांचं पुस्तक 1881 साली सॅन फ्रान्सिस्कोत छापलं गेलं, तेही त्यांनी तोंडी सांगितलं आणि दुसऱ्यांनी उतरवून घेतलं, कारण त्यांना लिहिता येत नव्हतं.

चराजवळच्या माणसाची साक्ष कागदावर आली ती 1937 साली. अमेरिकी सरकारच्या लेखक-प्रकल्पाने गुलामीतून सुटलेल्या वृद्धांच्या आठवणी नोंदवल्या, त्यांत दक्षिण कॅरोलायनातले वेस्ली जोन्स होते. बार्बेक्यूच्या आदल्या रात्री आपण कसे जागायचो, ते त्यांनी सांगितलं. व्हिनेगर, काळी मिरी, लाल मिरची, मीठ, लोणी, थोडं सेज, धने, बेझिल, कांदा आणि लसूण असा त्यांचा सॉस. काही जण त्यात थोडी साखर घालत. लांब काठीच्या टोकाला मऊ फडकं गुंडाळायचं, सॉसमध्ये बुडवायचं आणि मांसातून सॉस निथळून विस्तवात पडेपर्यंत रात्रभर पुसत राहायचं. साहित्य आहे, हत्यार आहे, पद्धत आहे, वेळ आहे. पाककृती आणखी काय असते? पण ही कृती सरकारी दप्तरात गेली.

पुढच्याच वर्षी, 1938 साली, कॅलिफोर्नियातल्या ‘सनसेट’ मासिकाने बार्बेक्यूचं पुस्तक काढलं आणि ते दुकानांत गेलं. त्यात पाककृतींबरोबर अंगणात विटांची शेगडी कशी बांधावी याचे आराखडेही होते. 1941 साली ओरेगनच्या जेम्स बिअर्ड यांचं ‘कुक इट आउटडोअर्स’ आलं. 1955 साली त्यांनी पॅसाडिनाच्या हेलन इव्हान्स ब्राउन यांच्यासह बाहेरच्या स्वयंपाकाचा मोठा ग्रंथच लिहिला. ही पुस्तकं जाणकारांनी लिहिलेली होती, यात शंका नाही.

त्यांना वाचक मिळाले ते वस्तूंमुळे. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात मोटारींसाठी कापलेल्या लाकडाचे तुकडे उरत. 1920च्या दशकात त्यांचा कोळसा करून, स्टार्चमध्ये मळून वड्या पाडायला सुरुवात झाली आणि त्या वड्या फोर्डच्या मोटारविक्रेत्यांकडे विकल्या गेल्या. महायुद्धानंतर शहरांबाहेर अंगण असलेली घरं उभी राहिली. शिकागोच्या वेबर ब्रदर्स कारखान्यात जॉर्ज स्टीफन यांनी 1952 साली पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा धातूचा गोळा कापून झाकणाची शेगडी केली. आता वाऱ्यापावसातही मांस भाजता येऊ लागलं. ‘बेटर होम्स अँड गार्डन्स’चं बार्बेक्यू पुस्तक 1956 साली आलं, तोवर चित्र पक्कं झालं होतं : एप्रन बांधलेला गोरा गृहस्थ शेगडीपाशी आणि त्याची बायको सॅलडच्या वाडग्यापाशी. सहलीची टोपली आणि विस्तव, दोन्ही घराणी एकाच पुस्तकात आली. त्यातून चराजवळचा माणूस मात्र गळाला.

त्याला परत आणण्याचं काम त्याच्याच लोकांनी केलं. ब्लॅक पँथर पक्षाचे सहसंस्थापक बॉबी सील यांनी 1988 साली बार्बेक्यूचं पुस्तक लिहिलं. 2015 साली टोनी टिप्टन-मार्टिन यांनी ‘द जेमिमा कोड’मध्ये काळ्या लेखकांच्या दोन शतकांतल्या पाकपुस्तकांची सूची मांडली. 2021 साली एड्रियन मिलर यांनी ‘ब्लॅक स्मोक’मध्ये काळ्या बार्बेक्यूवाल्यांचा इतिहास लिहिला. त्याच वर्षी रॉडनी स्कॉट यांचं पुस्तक आलं. ते दक्षिण कॅरोलायनातल्या हेमिंग्वे गावचे, अख्खं डुक्कर भाजणाऱ्या घरातले. बिअर्ड यांच्या नावाने दिला जाणारा पुरस्कार त्यांना 2018 साली मिळाला होता.

अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या उन्हाळी सहलींतही आता अशाच शेगड्या पेटतात आणि ही पुस्तकं मराठी घरांतही विकत घेतली जातात. घेताना छायाचित्रांआधी प्रस्तावना वाचा. लेखक हे सगळं कोणाकडून शिकला, हे तिथे नावानिशी लिहिलेलं हवं. नसेल, तर पाककृती कितीही चांगल्या असोत, ते पुस्तक अपुरं आहे.