संदर्भचिठ्ठी (वसई-विरार)

फॅमिली डॉक्टरने रुग्णाला तज्ज्ञाकडे किंवा रुग्णालयात पाठवताना दिलेले पत्र. अशा पाठवण्याला सरकारी कागदोपत्री ‘संदर्भसेवा’ म्हणतात, पत्राला दवाखान्यात नुसती ‘चिठ्ठी’. लेटरहेडवर चार ओळी: तक्रार किती दिवसांची, चालू औषधे, साखर-रक्तदाब, पुढच्या डॉक्टरांचे नाव.

क्षेत्र : वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या नगरपरिषदा आणि काही गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी महापालिका झाली, २०११ची लोकसंख्या १२,२२,३९०. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ पासून, त्यापूर्वी ठाणे.

वाटा : पालिकेची सर डी. एम. पेटिट (वसई) व तुळींज (नालासोपारा पूर्व) ही रुग्णालये. खासगीत सांडोरचे कार्डिनल ग्रेशस व अनेक नर्सिंग होम. त्यापुढचे उपचार मुंबईत: केईएम (स्था. १९२६), नायर, कर्करोगासाठी टाटा (स्था. १९४१). विरार ते चर्चगेट रेल्वेने सुमारे ६० कि.मी. चालत्या-फिरत्या रुग्णाला लोकल पुरते. झोपून न्यायचा असल्यास महामार्ग, वर्सोवा पूल आणि तिथली कोंडी. म्हणून इथल्या डॉक्टरला आजाराबरोबर रस्त्याचाही अंदाज घ्यावा लागतो. छातीत दुखणाऱ्याला आधी जवळच्या आयसीयूत स्थिर करायचे की थेट मुंबईला धाडायचे, हा निर्णय चिठ्ठीतल्या कोणत्याही निदानाइतकाच मोलाचा आहे.

योजना : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना (२०१२ची राजीव गांधी जीवनदायी, २०१७ पासून हे नाव). चिठ्ठी योजनेतल्या रुग्णालयाच्या नावे असलेली बरी. पुढचे कागद तिथला आरोग्यमित्र (योजनेचा मदतनीस) पाहतो.



कट : तज्ज्ञाने, रुग्णालयाने किंवा तपासणी केंद्राने रुग्ण पाठवणाऱ्याला दिलेला वाटा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेने (कलम ६.४) तो निषिद्ध ठरवला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरील संशोधनामुळे परिचित, यांना एमआरआयसाठी रुग्ण पाठवल्याबद्दल एका केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. डॉ. अरुण गद्रे यांच्या ‘कैफियत प्रामाणिक डॉक्टरांची’ या पुस्तकात डॉक्टरांनीच या व्यवहाराविषयी सांगितले आहे. २०१७ मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखालील समितीने राज्यासाठी कटविरोधी कायद्याचा मसुदा केला. कैदेची तरतूद होती. त्याचा कायदा झाला नाही. कटाचा भार अखेर रुग्णाच्या बिलावर येतो; शिवाय नाव सुचवणाऱ्या प्रामाणिक डॉक्टरकडेही संशयाने पाहिले जाते, हे नुकसान कमी नाही.

पात्रता : बीएएमएस व बीएचएमएस डॉक्टरांच्या ॲलोपॅथी वापराबाबत मतभेद आहेत. वस्तीतले पहिले डॉक्टर, म्हणून चिठ्ठी लिहिणारेही, अनेकदा तेच असतात.

परतीची चिठ्ठी : २००२च्या त्याच आचारसंहितेचे कलम ३.६ दोन पत्रे मागते: पाठवणाऱ्याने आजाराचा सारांश द्यावा, आणि तज्ज्ञाने आपले मत त्याला लेखी कळवावे. पहिल्याविषयी पुष्कळ लिहिले गेले, दुसऱ्याविषयी फारच थोडे. वास्तविक मधुमेह, फिट्स, हृदयविकार यांत पुढची कित्येक वर्षे गोळ्यांवर लक्ष ठेवायचे असते ते फॅमिली डॉक्टरनेच. कोणती गोळी बदलली, का बदलली, पुन्हा केव्हा पाठवायचे, एवढ्या तीन ओळी पुरतात. त्या न आल्यास डॉक्टरच्या हाती उरते ते डिस्चार्ज कार्ड, तेही रुग्णाने प्लास्टिकच्या पिशवीतून जपून आणले तर.