धर्मग्रामातील ई-मेल : उपयोग, मर्यादा आणि सौजन्य

यवतमाळ जिल्हा अमरावती धर्मप्रांतात येतो. १९५५ साली स्थापन झालेल्या या धर्मप्रांताचा विस्तार मोठा असून ख्रिस्ती वस्ती विरळ आहे. उमरखेड जिल्ह्याच्या एका टोकाला, तर वणी दुसऱ्या टोकाला. अशा ठिकाणी स्नानसंस्काराचा दाखला, विवाहपूर्व चौकशीची कागदपत्रे किंवा सभेची सूचना घरबसल्या पाठविता येणे ही मोठी सोय आहे. मात्र सोयीबरोबर जबाबदारीही येते. तिचा थोडक्यात विचार आम्ही येथे करीत आहोत.

पार्श्वभूमी

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली दोन संगणकांमध्ये जाळ्यावरून पहिला ई-मेल पाठविला आणि पत्त्यात ‘ॲट’ चिन्हाची योजना केली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २२ नोव्हेंबर २००१ रोजी ओशियानियातील ख्रिस्तसभेसाठीचे आपले प्रबोधनपत्र व्हॅटिकनमधून ई-मेलने रवाना केले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २००२ मध्ये, व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क परिषदेने ‘ख्रिस्तसभा आणि इंटरनेट’ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. या साधनाचे स्वागत करतानाच इंटरनेटवर संस्कार होत नाहीत, हेही त्यात स्पष्ट केले आहे. म्हणून पापनिवेदन ई-मेलने करता येत नाही. ज्या गोष्टी धर्मगुरूंच्या कानातच सांगावयाच्या, त्या लिहून पाठवू नयेत.

दुसऱ्याचे दुःख, दुसऱ्याची संमती

प्रार्थनेसाठी किंवा मदतीसाठी केलेली विनंती हा आपल्याकडील सर्वांत नाजूक विषय आहे. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळ होता. कर्ता पुरुष गेलेल्या घराची व्यथा कळली की मदतीचे आवाहन लिहावेसे वाटते, आणि तो हेतू चांगलाच असतो. परंतु त्या आवाहनात विधवेचे नाव, गाव, छायाचित्र आणि कर्जाचा आकडा लिहिला गेला, तर तो कागद कोठवर जाईल हे कोणीच सांगू शकत नाही. दहा जणांना पाठविलेला मजकूर पुढे शंभरांकडे जातो. उद्या तिच्या मुलाला शाळेत त्यावरून कोणी बोलले, किंवा मुलीच्या सोयरिकीत तो विषय निघाला, तर आपण केलेली मदतच तिला जड होईल.

म्हणून आधी त्या कुटुंबाला विचारावे, आणि विचारताना ‘नको’ म्हणण्याची मोकळीक द्यावी. मदत मागणाऱ्या माणसाला नकार देणे कठीण जाते, हे विसरू नये. आजारपणाबाबतही हेच. ‘आपल्या धर्मग्रामातील एका आजारी भगिनीसाठी’ एवढे लिहिले तरी प्रार्थना पोहोचते. धर्मसंहितेच्या २२० व्या नियमाने प्रत्येकाच्या नावलौकिकाचे व खाजगी जीवनाचे रक्षण केले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही संमतीला महत्त्वाचे स्थान आहे.

पत्ते आणि उत्तरे

अनेकांना एकच सूचना पाठविताना सर्वांचे पत्ते ‘प्रति’ किंवा ‘सीसी’ या रकान्यात लिहिल्यास प्रत्येकाला इतरांचे पत्ते दिसतात. ते ‘बीसीसी’ या रकान्यात लिहावेत. तेथे ते झाकलेले राहतात. विषयाच्या ओळीत नेमका विषय व तारीख द्यावी. मोठी छायाचित्रे जोडू नयेत. खेड्यात मोबाइलवर ती उघडणे कठीण जाते.

उत्तर देताना ‘सर्वांना उत्तर’ हे बटण दाबण्यापूर्वी क्षणभर थांबावे. हिशेबाविषयी शंका असेल, कोणाची चूक दाखवावयाची असेल, तर ती आधी त्या व्यक्तीशी एकांतात बोलावी. मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने घालून दिलेला क्रम हाच आहे : प्रथम दोघांत, मग एक-दोन साक्षीदारांसह, आणि शेवटी मंडळीपुढे. ई-मेलमध्ये हा क्रम सहज उलटा होतो. रागाच्या भरात लिहिलेला मजकूर रात्रभर तसाच ठेवावा व सकाळी पुन्हा वाचावा. जीमेलवर पाठविलेला ई-मेल मागे घेण्यास फार तर तीस सेकंद मिळतात. त्यानंतर शब्द आपला राहत नाही.

ज्यांच्याकडे ई-मेल नाही

आपल्या जिल्ह्यात मराठीबरोबरच कोलामी, गोंडी आणि गोरमाटी बोलणारी कुटुंबे आहेत. अनेक वडीलधाऱ्यांना ई-मेल ठाऊक नाही, तरुणांपैकी बरेच जण तो क्वचितच उघडतात. तेव्हा केवळ ई-मेल पाठवून ‘सर्वांना कळविले’ असे समजू नये. तीच सूचना रविवारी मिस्सानंतर वाचून दाखवावी, फलकावर लावावी आणि दूरच्या वस्तीवर कोणाकरवी तरी निरोप धाडावा. ज्याला निरोप मिळाला नाही, त्याला आपण वगळले गेलो असेच वाटते.

फसवणुकीपासून सावधगिरी

धर्मगुरूंच्या किंवा बिशपांच्या नावाने बनावट पत्त्यावरून तातडीने पैसे मागण्याचे प्रकार जगात अनेक ठिकाणी घडले आहेत. असा ई-मेल आल्यास त्याला उत्तर न देता आपल्या जवळ असलेल्या जुन्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करावी. पैसे गेलेच, तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

पूर्वी पत्र लिहिताना आपण क्षेमकुशल विचारून मगच कामाचे लिहीत असू. ती रीत ई-मेलमध्येही पाळण्यास काहीच हरकत नाही. पाठविण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारावा : हा मजकूर ज्याच्याविषयी आहे, त्याने तो वाचला तर त्याला आपण त्याचे वाटू की परके? उत्तर देता आले नाही, तर त्या दिवशी ई-मेल न पाठविता त्याच्या घरी जाऊन यावे.