पाखरं हाकणारे आणि पक्षी मोजणारे

(मानवत येथे हिवाळ्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

शेवटी शेकोटीची सोय केलीय असं आयोजक सांगतायत, त्यामुळे आम्हीही फार लांबवणार नाही.

विषय पक्षिनिरीक्षणाच्या इतिहासाचा आहे. पण हा शब्द आपल्या गावात कोण वापरतं? कुणीच नाही. आपल्याकडे 'पाखरं' असतात. ती राखायची असतात, हाकायची असतात. गेल्या हिवाळ्यात आम्ही पाच-सहा जण दुर्बिणी घेऊन एका वावराच्या धुऱ्यावर उभे होतो. शेजारच्या आखाड्यावरून एक आजी आल्या आणि म्हणाल्या, "काय हुडकायलात रं लेकरांनो?" आम्ही म्हटलं, "पक्षी बघतोय, आजी." त्यांनी एकदा दुर्बिणीकडं पाहिलं, एकदा आमच्याकडं, आणि विचारलं, "आन् हाकणार कोण?"

आम्ही हसलो. पण घरी आल्यावर त्या प्रश्नानं काही सोडलं नाही. आजचं बोलणं त्यातूनच निघालंय.

आता जरा मागं जाऊ. पुस्तकांमध्ये भारतातल्या पक्षिअभ्यासाची गोष्ट सुरू होते ती बहुधा लष्करी डॉक्टर आणि साहेब लोकांपासून. त्यातला एक आपल्या शेजारी राहून गेलाय. थॉमस जर्डन हा मद्रासच्या लष्करी वैद्यकीय सेवेतला डॉक्टर. 1836 साली तो हिंदुस्थानात आला आणि पुढं घोडदळाबरोबर दख्खनमध्ये फिरला. इंग्रजांची मोठी छावणी जालन्यात होती आणि जर्डनच्या लिखाणात जालना पुन्हा पुन्हा येतं. आज मानवत रोडवर गाडीत बसलात की सेलू, परतूर, मग जालना. म्हणजे हा माणूस जे आकाश बघत होता, ते आपलंच आकाश होतं. 'द बर्ड्‌स ऑफ इंडिया' हा त्याचा ग्रंथ 1862 ते 1864 या काळात निघाला. त्याची एक गोष्ट आम्हाला फार आवडते. पक्ष्याचं लॅटिन नाव देऊन तो थांबत नाही, लोक त्याला काय म्हणतात तेही लिहितो. हिवाळ्यात थव्यानं येऊन ज्वारीवर पडणाऱ्या गुलाबी पाखराला इंग्रज लोक 'ज्वारी बर्ड' म्हणत. खाली दक्षिणेत ज्वारीला चोळम म्हणतात, म्हणून तिकडं 'चोळम बर्ड'.

ओळखलंत ना? आपली भोरडी.

पुस्तकी मराठीत तिला पळस मैना असंही म्हणतात. अंग गुलाबी, डोकं, पंख आणि शेपूट काळं, डोक्यावर तुरा. आपल्याकडं येते तेव्हा मात्र रंग मळकट असतो, आणि लहान पिल्लं तर नुसती मातकट. निघायच्या वेळी, मार्च-एप्रिलात, पळस-पांगारा फुललेला असतो तेव्हा ती खरी रंगात येते. हजारोंचा थवा वळला की आख्खं आभाळ वळल्यासारखं वाटतं. हे दृश्य तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकानं पाहिलेलं आहे, आम्ही सांगायची गरज नाही.

तर जर्डननंतरचा टप्पा. 15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत आठ जण जमले आणि 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' स्थापन झाली. आठातले सहा इंग्रज आणि दोघे आपले, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग म्हणजे प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष, आणि सखाराम अर्जुन म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. समाजसुधारणेच्या इतिहासात ही दोन्ही नावं आपण वाचतो. निसर्गाच्या इतिहासात ती पहिल्या दिवसापासून होती, हे मात्र शाळेत कुणी सांगत नाही.

याच सोसायटीत पुढं सलीम अली घडले. जन्म 12 नोव्हेंबर 1896. बर्लिनला जाऊन श्ट्रेझेमान नावाच्या मोठ्या तज्ज्ञाकडं शिकून आले, आणि परत आल्यावर नोकरी नाही. मग त्यांनी संस्थानांना सुचवलं, की तुमच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी करून देतो, पगार नको, फिरण्या-राहण्याचा खर्च तेवढा द्या. हैदराबादच्या निजाम सरकारनं होकार दिला. 1931-32 च्या हिवाळ्यात हैदराबाद संस्थानाची पक्षिपाहणी झाली आणि तिचे अहवाल 1933-34 मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात क्रमानं छापून आले. ह्यू व्हिस्लर या जाणकारानं त्यांना टिपणं जोडली. तेव्हा परभणी जिल्हा त्याच संस्थानात होता. 17 सप्टेंबर 1948 ला आपण मोकळे झालो, 1956 ला मुंबई राज्यात गेलो, 1960 ला महाराष्ट्रात आलो. सीमा बदलल्या, पण पाखरांना कुणी विचारलं नाही, आणि पक्ष्यांच्या इतिहासात आपलं पान आजही 'हैदराबाद' या नावाखाली सापडतं. शोधायला गेलात तर हे ध्यानात ठेवा, नाहीतर महाराष्ट्राच्या खणात हुडकत बसाल.

इथं जरा थांबूया. ती पाहणी हिवाळ्यातली होती. हिवाळ्यात आपल्याकडं काय चाललेलं असायचं? रब्बीची जवारी. पेरा सप्टेंबर-ऑक्टोबरात, हुरडा डिसेंबर-जानेवारीत, काढणी फेब्रुवारी-मार्चला. कणसात दाणा भरायला लागला की वावरात माळा उभा राहायचा. चार मेढी, वर आडवी लाकडं, त्यावर कडबा. पहाटे अंधार असतानाच बाई नाहीतर लेकरू त्यावर चढायचं. हातात गोफण, शेजारी ढेकळांची नाहीतर गोट्यांची रास, आणि घशात हाळी. म्हणजे ज्या हिवाळ्यात सलीम अली तंबू ठोकून, बंदूक आणि वही घेऊन संस्थानात फिरत होते, त्याच हिवाळ्यात वावरावावरातून माळ्यावर बसलेली माणसं रोज सकाळी दोन-तीन तास आणि संध्याकाळी तेवढाच वेळ आभाळाकडं डोळे लावून होती. महिनाभर, दीड महिना, दर वर्षी. आजचा कुठला पक्षिनिरीक्षक एवढे तास भरतो? आम्ही तर रविवारची सकाळ काढतो, तीही नऊ वाजता चहाची आठवण येईपर्यंत.

आणि ते नुसतं बघणं नव्हतं. आम्ही जुन्या राखणदारांशी बोलत गेलो तेव्हा ध्यानात आलं, की त्यांना वेळापत्रक पाठ होतं. भोरडी तोंड उजाडायच्या वेळी येते. पहिला थवा उतरू दिला तर मागचे सगळे उतरतात, म्हणून पहिल्यालाच हाकायचं. ऊन चढलं की ती बाभळीवर जाऊन कलकलाट करत बसते, तेव्हा राखणदारानं भाकर खाऊन घ्यायची. दिवस कलताना पुन्हा फेरी. भोरडी वेगळी, चिमणी वेगळी, पोपट वेगळा, कारण प्रत्येकाची कणसावर बसायची तऱ्हा वेगळी आणि नुकसानही वेगळं. एका गृहस्थांनी तर सांगितलं, "पिवळ्या चिमण्या आल्या की समजायचं भोरडी मागंच हाय." ही पिवळी चिमणी म्हणजे काळ्या डोक्याचा भारीट. तोही पश्चिमेकडून थव्यानं येणारा, दाण्यावर जगणारा पाहुणा. पुस्तकात वाचायच्या आधी ही जोडी आम्हाला त्या गृहस्थांनी दाखवली.

पारध्यांचंही असंच. तितर-लाव्यांच्या सवयी त्यांच्याइतक्या कुणाला ठाऊक होत्या? पण 1871 च्या कायद्यानं इंग्रज सरकारनं अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. तो शिक्का कागदावरून निघायला 31 ऑगस्ट 1952 उजाडावा लागला, आणि लोकांच्या मनातून तो अजून निघायचाय. बिहारमध्ये वेगळं घडलं. तिथल्या मिरशिकार समाजातल्या अली हुसेन या फासे लावणाऱ्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं आपल्या कामात घेतलं. पक्ष्याला इजा न करता पकडायचं, पायात कडी घालायची आणि सोडून द्यायचं, या कामात तो पुढं जाणत्यांचाही गुरू ठरला. आपल्याकडच्या फाशांची विद्या अशी वहीत का आली नाही, हा प्रश्न आम्हाला टोचतो. विद्या कमी होती म्हणून नव्हे, एवढं नक्की.

कडीचा विषय निघाला म्हणून एक गंमत सांगतो. पाखरं हिवाळ्यात कुठं जातात आणि कुठून येतात, हे युरोपातही फार काळ कोडंच होतं. 1822 साली जर्मनीत एक करकोचा मारला गेला, त्याच्या मानेत आफ्रिकेतला भाला आरपार अडकलेला होता. तेव्हा कुठं लोकांना पुरावा मिळाला. तो करकोचा भुसा भरून रोस्टॉक विद्यापीठात अजून ठेवलेला आहे. पुढं 1899 मध्ये डेन्मार्कच्या मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकानं पक्ष्यांच्या पायात ॲल्युमिनियमच्या नंबर घातलेल्या कड्या अडकवल्या. पहिला मान कुणाला मिळाला माहितीय? भोरडीच्याच एका जातभाईला, युरोपातल्या साळुंकीला.

आपली भोरडी मध्य आशियातून येते, कझाकस्तान आणि त्याच्या आजूबाजूच्या गवताळ मुलखातून. बहुतेक पाहुणे उत्तरेकडून खाली येतात, ही पश्चिम-वायव्येकडून आडवी येते. आणि तिथं ती जवारीवर जगत नाही, टोळ आणि नाकतोडे खाते. चीनच्या शिंच्यांग प्रांतात 1980 च्या दशकापासून लोक तिच्यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग आणि भिंती रचून घरट्यांची सोय करतात, तिनं यावं आणि टोळ खावेत म्हणून. तिकडं पायघड्या आणि इकडं गोफण! पाखरू तेच. इथंही ती हरभऱ्यातल्या अळ्या खाते. पण हुरड्याच्या दिवसात तिचे उपकार आठवायला कास्तकार काही संत नव्हे, आणि त्याला आम्ही नावं ठेवणार नाही.

आता बदल कुठं झाला ते सांगतो. दक्षिणेला गोदावरी, उत्तरेला दुधना, मधे आपण. 18 ऑक्टोबर 1965 ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणला धरणाची पायाभरणी झाली आणि 24 फेब्रुवारी 1976 ला इंदिरा गांधींनी ते देशाला अर्पण केलं. धरण पैठणला आणि नाव जायकवाडी, कारण मूळ आराखडा बीड जिल्ह्यातल्या जायकवाडीचा होता. जागा बदलली, नाव राहिलं. शंभराच्या आसपास गावं पाण्याखाली गेली. त्या पाण्यावर पट्टकदंब, चक्रवाक, तलवार बदक, रोहित असे पाहुणे यायला लागले आणि 1986 मध्ये नाथसागर पक्षी अभयारण्य जाहीर झालं. डावा कालवा आपल्या भागात आला. पाणी आलं, ऊस आला. कापूस तर आपला आधीपासूनच, मानवतची बाजारपेठ त्यावरच उभी राहिली. मग सोयाबीन आलं. जवारी मागं सरकत गेली. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी मोती'सारखं चांगलं रब्बी वाण दिलं, तरी सरकत गेली. राखणीला माणूस मिळत नाही म्हणून जवारी पेरवत नाही, आणि थोडीच जवारी पेरली तर सगळ्या शिवारातली पाखरं त्या एका तुकड्यावर पडतात. दहा एकरांचं नुकसान अर्ध्या एकरावर आलं तर कोण पेरील? हे गणित आम्हाला एका कास्तकारानं बांधावर बसून समजावलं. माळे का गेले, याचं इतकं नेमकं उत्तर आम्ही कुठं वाचलेलं नाही.

म्हणजे बघा, नाथसागरावर पक्षिनिरीक्षण वाढत होतं त्याच वर्षांत वावरातलं पक्षिनिरीक्षण संपत होतं.

मोजणाऱ्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेत नाताळात बंदुका घेऊन जास्तीत जास्त पाखरं मारायची शर्यत असायची. 1900 सालच्या नाताळात फ्रँक चॅपमन म्हणाला, मारू नका, मोजा. 27 माणसांनी सुरुवात केली. आशियात पाणपक्ष्यांची जानेवारीतली गणना 1987 पासून होते. महाराष्ट्रात प्रकाश गोळ्यांसारख्या मंडळींच्या पुढाकारानं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लोणावळ्यात पहिलं पक्षिमित्र संमेलन भरलं आणि ती परंपरा टिकली. 2020 पासून राज्य सरकारनं 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह मानला. 5 ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 ला सलीम अलींचा. चितमपल्लींचं मोठेपण असं, की त्यांनी जंगलात राहणाऱ्या माणसांकडून शब्द घेतले आणि मान देऊन मराठीत आणले.

आमची मंडळी दर हिवाळ्यात सकाळी फिरते. थिरथिरा, धोबी, गप्पीदास, हरभऱ्यावरून खालून तरंगत जाणारा भोवत्या, तळ्यावर थापट्या. भोरडी अजून येते, पण लहान थव्यांनी दिसते. आम्ही आकडे वहीत लिहितो आणि ई-बर्डवर टाकतो. पण आमचे आकडे फार तर मागच्या काही वर्षांचे. चाळीस वर्षांपूर्वी किती होती, ते या सभागृहात मागच्या रांगांत बसलेल्या लोकांच्या डोक्यात आहे.

म्हणून यंदा आम्ही दुसरी वही केलीय. तिच्यात पाखरं नाहीत, माणसं आहेत. कोणत्या शिवारात माळा होता, शेवटचा कोणत्या साली बांधला, त्यावर कोण बसायचं, कोणतं पाखरू आधी यायचं आणि त्याला घरात काय म्हणायचे. साल आठवत नसेल तर 'थोरलीच्या लग्नाच्या वर्षी' चालेल, 'बहात्तरच्या दुष्काळाआधी' चालेल, आम्ही जुळवून घेऊ. गोफण विणता येत असेल तर तेही दाखवा, आमच्यातल्या एकालाही येत नाही.

वही दाराशी टेबलावर आहे. उद्या सकाळी सहाला निघणार आहोत, स्वेटर-कानटोपी घालून या. त्या आजीही येतो म्हणाल्यात. दुर्बीण नको म्हणाल्या.