लसणाची कुडी

रेवसला लसूण होत नाही, असं इथली जुनी माणसं सांगतात. ते अर्धं खरं आहे. धरमतरच्या खाडीच्या तोंडाशी वसलेलं हे गाव. धक्क्यावर उभं राहिलं की समोर पाण्यापलीकडे करंजा दिसतं. इथली बरीच जमीन बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली, विहिरींचं पाणी मार्चनंतर जिभेला खारट लागायला लागतं, आणि लसणाला हवी असते ती रात्रीची थंडी इथे जेमतेम डिसेंबर-जानेवारीत येते. कांदा-लसणाच्या जातीला मीठ सोसत नाही. त्यामुळे अलिबाग तालुक्याच्या आतल्या गावांत, कार्ले-खंडाळ्याकडे, भातानंतर पांढरा कांदा पिकतो, त्याच्या वेण्या रस्त्याकडेला टांगलेल्या दिसतात, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. लसूण मात्र आपण वाण्याकडूनच आणतो.

पण परसात होतो. आमच्या घरामागे मासळीचे थर्माकोलचे जुने खोके आहेत, त्यांना खाली भोकं पाडून गोडी माती, शेणखत आणि चुलीची राख भरली की खारेपणाचा प्रश्न सुटतो. ऑक्टोबर सरता सरता, भात कापून झाल्यावर, कुडी सुटी करायची, साल न काढता टोक वर ठेवून बोटाच्या दोन पेरांएवढी खाली लावायची. हाताच्या चार बोटांचं अंतर पुरतं. मी गेली काही वर्षं निरनिराळे वाण लावते आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे 'गोदावरी' आणि 'फुले बसवंत', राजगुरुनगरचे 'भीमा ओंकार' आणि 'भीमा पर्पल', नाशिककडचा 'यमुना सफेद', आणि बाजारात ज्याला सरसकट 'उटी' म्हणतात तो मोठ्या कुडीचा.

सगळ्यांचं इथे सारखं होत नाही. जांभळट सालीचा गोदावरी सर्वांत इमानदार. गड्डा लहान, कुड्या वीसच्या वर, सोलताना जीव जातो, पण तिखटपणा असा की सुक्या जवळ्यात दोन ठेचून टाकल्या तरी पुरे. पांढरे वाण दिसायला देखणे, पण आमच्या दमट हवेत लवकर मऊ पडतात. उटी लसणाची पात गुडघ्याएवढी वाढते आणि खाली गड्डा धरत नाही. त्यात दोष कोणाचाच नाही. डोंगरावरच्या वाणांना गड्डा धरण्यासाठी जास्त थंडी आणि लांब दिवस लागतात, आपल्या मैदानी वाणांना आखूड दिवस चालतात. म्हणून थंड मुलखातला वाण इथे लावला तर तो पातीसाठीच लावावा. पातीचा लसूण वाया जात नाही. जानेवारीत वालाच्या शेंगांची पोपटी लागते तेव्हा भांबुर्ड्याच्या पाल्याबरोबर मडक्यात जे वाटण जातं, त्यात कोवळी पात असली तर वासानेच शेजार गोळा होतो.

एक गंमत सांगते. उशिरा लावलेल्या किंवा अगदी बारीक कुडीला पुरेशी थंडी मिळाली नाही, तर तिचा गड्डा फुटून कुड्या होतच नाहीत. एकच गोल गरगरीत कुडी राहते. बाजारात हाच 'एकपाकळी लसूण' म्हणून औषधाच्या भावाने विकला जातो, त्यातला बराचसा असा न फुटलेला गड्डाच असतो. आमच्या खोक्यात तो दरवर्षी फुकट मिळतो.

ह्या झाडाची खरी नवलाई मात्र वेगळीच आहे. लसणाला बी येत नाही. काही वाणांना फुलाचा दांडा येतो, पण बी धरत नाही. हजारो वर्षं माणसाने कुडीपासून कुडीच लावली, आणि बीज धरण्याची त्याची शक्तीच गेली. म्हणजे आज तुमच्या डब्यात असलेला लसूण हा कुणा जुन्या लसणाचा वंशज नाही, तोच लसूण आहे, हातातून हातात आलेला. मध्ये एका वर्षीही कुणी तो लावायचा थांबला असता तर ती ओळ तिथेच संपली असती. राजांच्या वंशावळी लिहिल्या गेल्या, ही वंशावळ कुणी लिहिली नाही. ती चुलीवरच्या धुरात टांगलेल्या वेणीत सांभाळली गेली, आणि सांभाळणाऱ्या बहुतेक बायकाच असणार.

बी धरू शकणारा लसूण १९८० च्या दशकात संशोधकांना सापडला तो मध्य आशियात, तिएनशान पर्वताच्या परिसरात. लसणाचं माहेर तेच मानलं जातं. आणि त्याच पर्वताच्या दक्षिण पायथ्याशी कूचा नावाचं जुनं व्यापारी ठाणं आहे. इथून आपली गोष्ट सुरू होते.

१८९० साली हॅमिल्टन बॉवर नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी एका खुन्याच्या मागावर त्या भागात हिंडत होता. कूचाला त्याला भूर्जपत्रांवर लिहिलेली एक पोथी विकत मिळाली. ती कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीत आली, आणि वाचली रुडॉल्फ हर्न्ले यांनी. उर्दूच्या वाचकांनी इथे क्षणभर थांबावं, कारण हे हर्न्लेसाहेब त्या काळात कलकत्ता मदरशाचे प्राचार्य होते. पोथी संस्कृतात, ब्राह्मी लिपीत, साधारण चौथ्या ते सहाव्या शतकातली. आज ती ऑक्सफर्डला आहे. तिचा पहिलाच भाग लसणावर आहे.

त्यात काशीचा राजा सुश्रुताला लसणाची जन्मकथा सांगतो. अमृत प्यालेल्या असुराचा गळा विष्णूने कापला, थेंब जमिनीवर पडले, त्यांतून लसूण उगवला. देहाचा स्पर्श झाला म्हणून द्विजांनी तो खाऊ नये. पण अमृतापासून झाला म्हणून औषध मोठं. मग वैद्याने काय करावं? पोथीत तोडगा आहे. गायीला तीन रात्री जवळपास उपाशी ठेवून, मग गवतात लसणाची पात मिसळून खाऊ घालायची. तिचं दूध, दही, तूप ब्राह्मणाने खुशाल घ्यावं. वैद्यकाने धर्मशास्त्राची मर्यादा मोडली नाही, तिला वळसा घातला. त्याच पोथीत थंडीच्या दिवसांतल्या लसणाच्या उत्सवाचंही वर्णन आहे, दारा-खिडक्यांवर लसणाच्या माळा टांगायच्या, घरातल्यांनीही त्या घालायच्या.

हे मी मुद्दाम विस्ताराने सांगते. शिक्षकांच्या खोलीत डबा उघडला की लसणाचा वास येतो, आणि एखादा सहकारी हसत हसत म्हणतो की हा तुमच्या लोकांचा वास, तुमच्याबरोबरच आला. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट असतंच असं नाही. तो ऐकलेलंच बोलतो. पण इतिहास म्हणून हे विधान टिकत नाही. काश्यपसंहितेत लसणावर स्वतंत्र 'लशुनकल्प' आहे. संस्कृतातलं दुसरं नाव 'रसोन', म्हणजे एका रसाने ऊन. सहापैकी पाच रस त्यात आहेत, फक्त आंबट नाही, असं वैद्य सांगत. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना लसूण आणि कांदा वर्ज्य सांगितला आहे. जी वस्तू देशात नाही, तिच्यावर बंदी कोण घालतो? पाचव्या शतकाच्या आरंभी आलेला चिनी यात्रेकरू फाहियान लिहितो की मध्यदेशात चांडाळांखेरीज कुणी कांदा-लसूण खात नाही. हे त्याने पाहिलं तेव्हा इस्लामचा उदय व्हायला दोनशे वर्षं होती. लसणाच्या वासावरून माणसाची पायरी ठरवण्याची सवय ह्या मातीत तेव्हापासूनची आहे. आमच्या वाट्याला ती नंतर आली, इतकंच.

आणि उलटही पाहा. मुसलमान बादशहाने लसूण सोडल्याची नोंद आहे. अकबराने गोमांस आणि कांदा-लसूण टाळायला सुरुवात केली, याबद्दल मुल्ला बदायुनी आपल्या तवारीखमध्ये कुरकुरतो. इकडे महाराष्ट्रात अरणच्या सावता माळ्याच्या अभंगात मळ्यातल्या भाज्यांबरोबर लसूणही विठ्ठलाचं रूप होऊन येतो. (त्याच ओळीत मिरचीही आहे. सावतोबांची समाधी १२९५ ची, आणि मिरची आपल्याकडे आली पोर्तुगीजांबरोबर, सोळाव्या शतकात. अभंग गाणाऱ्यांच्या तोंडून ती पुढे कधीतरी आत शिरली असावी, आणि मला ते आवडतं.) चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारी घरंही आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, तो पोटभर खाऊन घेतात. सोडणाऱ्यालाही त्याची चव ठाऊक आहे.

आता आपल्या घरातलं. आपल्यातही काहीजण लसूण म्हणजे मकरूह, खाल्ला की नमाज होत नाही, असं अर्धवट सांगतात. सहीह बुखारी आणि मुस्लिममध्ये हदीस आहे ती इतकीच, की कच्चा लसूण खाऊन, वास जाईपर्यंत, मशिदीत येऊ नये. खैबरच्या विजयानंतर भुकेल्या लोकांनी लसूण भरपूर खाल्ला, त्या प्रसंगाशी ही सूचना जोडलेली आहे. लोक म्हणायला लागले की लसूण हराम झाला. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट केलं की अल्लाहने हलाल केलेलं मी हराम करू शकत नाही, मला फक्त त्याचा वास आवडत नाही. मदिनेत त्यांचे यजमान असलेले हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या घरून आलेलं ताट एकदा न शिवता परत गेलं, कारण त्यात लसूण होता. त्यांनी घाबरून हेच विचारलं, आणि उत्तर हेच मिळालं. हजरत उमर (रजि.) यांनी तर सरळ उपाय सांगितला, खायचाच तर शिजवून त्याचा वास मारा. जमातीत खांद्याला खांदा लावून उभं राहणाऱ्या माणसाला त्रास होऊ नये, एवढाच मुद्दा. लसणाची फोडणी बसलेल्या डाळीला ह्यात काहीच अडचण नाही.

कुरआनात लसूण आहे की नाही, हा तफसीरकारांमधला जुना वाद. सूरह बकराच्या ६१ व्या आयतीत बनी इस्राईल एकाच जेवणाला कंटाळून हजरत मूसांकडे जमिनीत उगवणाऱ्या गोष्टी मागतात: भाजी, काकडी, 'फूम', मसूर आणि कांदा. 'फूम' म्हणजे गहू, असं काही म्हणतात. काही म्हणतात लसूण, अरबीतला 'सूम'च. हजरत इब्ने मसऊद (रजि.) यांच्या पठणात हा शब्द 'सूम' असाच होता, असं सांगितलं जातं. तौरातमधल्या याच प्रसंगाच्या यादीत मात्र शंका नाही. तिथे कांद्याशेजारी लसूण आहेच, आणि हिब्रूत त्याला 'शूम' म्हणतात. मला लसणाच्याच बाजूने जावंसं वाटतं. कांद्याच्या जोडीला गहू ठेवणारा माणूस बहुधा स्वयंपाकघरात कधी गेला नसावा.

ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात, मिश्नामध्ये, 'लसूण खाणारे' ही ओळख ज्यूंसाठीच वापरली आहे, आणि तिच्यात कमीपणा नाही. शुक्रवारी लसूण खावा, अशी त्यांची परंपरा. हे वाचताना मला रेवसच्या दक्षिणेला, अलिबागच्या अलीकडे असलेलं नवगाव आठवतं. बेने इस्राईल समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचं गलबत तिथेच फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या. ते इथे घाण्याचं तेल काढू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. मराठी बोलले, मराठीतून प्रार्थना समजून घेतल्या. १९४८ नंतर बहुतेक इस्राईलला गेले.

उर्दूच्या तासाला मी फळ्यावर हे शब्द एकाखाली एक लिहिते. संस्कृतातला लशुन, मराठीतला लसूण, उर्दूतला लहसन, ही एक ओळ. अरबीतला सूम आणि हिब्रूतला शूम, ही दुसरी. फारसीतला सीर वेगळाच, नौरोजच्या हफ्त-सीनमध्ये मांडला जातो तो. आठवीच्या मुलांना कोणता शब्द कोणाचा, हे पाठ होतं. मग एखादी मुलगी विचारते, मॅडम, आमच्याकडे 'लसनी' म्हणतात, ते कुठे लिहायचं? तिला मी पहिल्या ओळीत जागा करून देते.

ह्या वर्षी फेब्रुवारी अखेरीस पाती पिवळ्या पडून माना मोडल्या, तेव्हा पाणी तोडलं आणि दहा दिवसांनी लसूण उपटला. पातीसकट सावलीत वाळवला. गोदावरीचे तेवीस गड्डे, भीमा पर्पलचे नऊ. त्यांतले मोठे खायचे नाहीत, लावायला ठेवायचे, कारण बारीक कुडी लावली की पुढच्या वर्षी गड्डाही बारीकच. दोन गड्डे शेजारच्या कोळीणकाकूंना दिले, त्यांच्याकडेही आता खोके रिकामे पडलेत.