तुफानाची खबर आणि ती देणारे हौशी लोक

'तुफान' आणि 'मौसम' हे दोन्ही शब्द मूळचे अरबी. मौसम म्हणजे ठरलेला काळ. अरबी समुद्रातून जहाजं हाकणाऱ्यांसाठी वारा फिरण्याचा ठरलेला काळ म्हणजे मौसम. तोच शब्द पोर्तुगिजांच्या तोंडी बदलला, इंग्रजीत गेला आणि 'मान्सून' होऊन आपल्याकडे परत आला. शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे शब्दांचे हे प्रवास मला नेहमी दिसतात. या दोन शब्दांमधला फरक मात्र मुलांना मुद्दाम सांगावा लागतो. मौसम सांगून येतो. तुफानाचं तसं नाही, त्याची खबर कुणीतरी द्यावी लागते. ही खबर देणाऱ्यांमध्ये सरकारी माणसांइतकेच हौशी लोकही होते, आणि त्यांचा इतिहास आपल्या किनाऱ्याशी जोडलेला आहे.

अमेरिकेच्या सपाट मैदानात मोटारी घेऊन वादळामागे धावण्याचा छंद आहे. कोकणात तसं धावायची गरज पडत नाही, वादळ समुद्रातून आपल्या दारात येतं. इथला छंद म्हणजे ते कधी, कुठून आणि किती जोराने येतंय याची नोंद ठेवणं. 'सायक्लोन' हा शब्दही अशाच एका नोंदवेड्या माणसाने घडवला. हेन्री पिडिंग्टन हा जुना दर्यावर्दी कलकत्त्यात जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायालयाचा प्रमुख होता. वादळात सापडलेल्या जहाजांच्या रोजवह्या जमवून त्याने वारे कसे गोल फिरतात ते ताडलं. सापाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याने या वादळांना नाव दिलं. 1848 साली त्याने खलाशांसाठी पुस्तकही लिहिलं. घरबसल्या वादळाचा पाठलाग केला तो असा.

मुंबईत कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने 1826 साली उभारली. 1842 पासून काही काळ तिचं काम पाहणारा डॉ. जॉर्ज बुइस्ट हा 'बॉम्बे टाइम्स'चा संपादक होता. बातमी आणि हवामान दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर! 1 नोव्हेंबर 1854 च्या रात्री मुंबईवर मोठं चक्रीवादळ आलं. बंदरातल्या बोटी फुटल्या, सुमारे हजार माणसं काही तासांत गेली. वाऱ्याचा कल टिपण्याची धडपड करणारा हाच बुइस्ट 1857 च्या उठावाच्या वेळी मात्र हिंदी लोकांविरुद्ध इतकं जहाल लिहू लागला की वृत्तपत्राच्या हिंदी भागधारकांनी विरोध केला आणि त्याला संपादकपद सोडावं लागलं. आकाशातला वारा ओळखणाऱ्याला शेजारच्या माणसाचं मन ओळखता येतंच असं नाही. हौशी लोकांचा इतिहास लिहिताना ही बाजूही सांगायला हवी.

याच वेधशाळेच्या चुंबकीय उपकरणांनी सप्टेंबर 1859 च्या सुरुवातीला आलेलं प्रचंड सौर वादळ टिपलं होतं. सूर्यावरच्या स्फोटाने पृथ्वीचं चुंबकत्व हादरतं, आणि आज अशा वादळांनी लघुलहरींचा रेडिओ गप्प होतो. पुढे कुलाब्याजवळून विजेवरची ट्राम धावणार हे ठरल्यावर, विजेमुळे मोजमाप बिघडेल म्हणून 1904 साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. ती तिथे आजही काम करते.

नोंदी का हव्यात, याचं उत्तम उदाहरण म्हणजे एक न झालेलं वादळ. जगातल्या सगळ्यांत घातक वादळांच्या अनेक याद्यांमध्ये '6 जून 1882, मुंबई, एक लाख मृत' असं वर्षानुवर्षं छापलं जात होतं. 1881 च्या जनगणनेत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास होती. म्हणजे दर आठ माणसांत एक माणूस एका दिवसात गेला असता. इतकी कबरस्तानं आणि स्मशानं भरली असती, तर शहराच्या आठवणीत काही राहिलं नसतं का? 2019 मध्ये हवामानशास्त्रज्ञांच्या एका गटाने मुंबईच्या चक्रीवादळ-धोक्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हे वादळ झाल्याचा पुरावाच नसल्याचं त्यांनी दाखवलं. आपल्याकडे हदीसच्या अभ्यासात सनद विचारतात: कुणी सांगितलं, त्याने कुणाकडून ऐकलं? वादळाच्या खबरीलाही सनद लागते. व्हॉट्सॲपच्या काळात तर जास्तच.

पण खबर खरी असून उपयोग नाही, ती पोहोचायला हवी. 17 जुलै 1947 ची सकाळ आठवा. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ वादळी लाटांत उलटली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. मुंबई इतकी जवळ, आणि तरी शहराला बातमी कळली ती काही तासांनी, पोहून वाचलेल्यांकडून. रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी होड्या घालून कित्येकांना वाचवलं. हाक ऐकू गेली असती, तर आणखी होड्या निघाल्या असत्या.

ही हाक पोहोचवण्याचा छंद भारतात 1921 पासून आहे. त्या वर्षी कलकत्त्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना पहिला हौशी रेडिओ परवाना मिळाला. असा परवाना असलेल्या माणसाला 'हॅम' म्हणतात. 1939 मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर इंग्रज सरकारने हौशी परवाने थांबवले आणि यंत्रं जमा करायला सांगितलं. त्यांची भीती निराधार नव्हती. 1942 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला, आणि त्याचं यंत्र उभं करणारा नरिमन प्रिंटर हा हौशी रेडिओवालाच होता. नोव्हेंबरात पोलिसांनी केंद्र पकडेपर्यंत जागा बदलत बदलत तो आवाज घुमत राहिला.

स्वतंत्र भारतात हा छंद कायदेशीर झाला आणि त्याचं चीज संकटात झालं. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद ही हॅम महिला हैदराबादच्या संस्थेतर्फे साथीदारांसह पोर्ट ब्लेअरला गेली होती. जगभरच्या हौशी लोकांशी अंदमानातून बोलायचं, एवढाच बेत होता. 26 डिसेंबरला भूकंप आणि त्सुनामी आली, फोन बंद पडले, आणि छंदाची तीच यंत्रं बेटांवरच्या लोकांची खुशाली मुख्य भूमीपर्यंत नेऊ लागली.

हे कसं जमतं? आपला मोबाईल टॉवरवर चालतो. टॉवरची वीज गेली, केबल तुटली, की हजारो फोन एकदम मुके होतात. हॅमला मधला टॉवर लागत नाही. या टोकाला एक यंत्र, त्या टोकाला दुसरं. मोटारीची 12 व्होल्टची बॅटरी आणि दोन खांबांमध्ये बांधलेली वीसेक मीटर तार एवढ्यावर 7 मेगाहर्ट्झच्या लहरी वरच्या वातावरणावर आदळून परत येतात आणि शेकडो किलोमीटरवर ऐकू येतात. हातातला छोटा संच डोंगराआड पोहोचत नाही, पण गावाच्या या वाडीतून त्या वाडीत नक्की पोहोचतो.

26 जुलै 2005 आठवा. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाब्याला 75 मिलिमीटरही नाही. म्हणजे एकाच शहरात दोन वेगवेगळे दिवस! म्हणूनच ठिकठिकाणी पर्जन्यमापक घेऊन बसणारे हौशी निरीक्षक मोलाचे ठरतात. मग 3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात ताशी 110 ते 120 किलोमीटर वेगाने किनाऱ्यावर आलं. इशारा वेळेवर मिळाला होता, त्याने जीव वाचले. पण सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले आणि फोन दिवसेंदिवस बंद राहिले. नवी मुंबईत श्रीवर्धन, म्हसळा, मुरुडची किती कुटुंबं राहतात! लॉकडाऊनमुळे गावी जाताही येईना. आईवडील सुखरूप आहेत की नाहीत, एवढं एक वाक्य ऐकायला लोक तरसत होते.

नववीतल्या एका विद्यार्थ्याने मागे मला हॅम परवान्याबद्दल विचारलं. मी माहिती दिली. दोन दिवसांनी त्याचे अब्बा भेटायला आले. म्हणाले, "सर, आपल्या मुलाने गच्चीवर तार बांधली, हातात वॉकीटॉकी घेतला, तर लोक काय म्हणतील? दुसऱ्याचा छंद असतो, आपली चौकशी होते." मी त्यांना हसण्यावारी नेलं नाही. ही भीती कुठून येते ते मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही. मी एवढंच म्हणालो, की या छंदात लपवण्यासारखं काही नाही. बारा वर्षं पूर्ण झाली की परीक्षा देता येते. परवाना केंद्र सरकार देतं. प्रत्येक बोलण्यात आपली ओळखखूण सांगावी लागते. सगळं उघड्यावर, कुणीही ऐकावं असं. धर्म, राजकारण आणि धंदा यांवर बोलायला तिथे बंदी आहे. ओळखखुणेत अक्षरं आणि एक आकडा असतो, त्यावरून आडनाव कळत नाही. ते शांतपणे ऐकून गेले. अजून हो म्हणालेले नाहीत, नाहीही म्हणालेले नाहीत.

मला वाटतं, भीतीला उत्तर कागदाने द्यावं. मुलांना परीक्षेला बसवावं, परवाना फ्रेम करून भिंतीवर लावावा, सोसायटीच्या कमिटीला आधी सांगावं. रायगडच्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक मोठ्या गावात दोन-तीन परवानाधारक मुलं-मुली असतील, तर पुढच्या वादळानंतरची पहिली हाक तीच देतील. शाळांना एवढंही जड वाटत असेल, तर गच्चीवर एक पर्जन्यमापक ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला वहीत आकडा लिहायला लावा. नोंद ठेवायला परवाना लागत नाही.