अभिप्राय मिळाला, सही केली

२०१९ मध्ये एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला आणि विद्यार्थ्यांच्या हाती नवं लॉगबुक आलं. त्याच्या नमुन्यातला एक तक्ता डोळसपणे पाहावा असा आहे. कौशल्याचा क्रमांक, कामाचं नाव, तारीख, प्रयत्न पहिला की पुन्हा केलेला, काम अपेक्षेपेक्षा कमी, अपेक्षेइतकं की जास्त, शिक्षकाचा निर्णय, शिक्षकाची छोटी सही, आणि सर्वांत शेवटी 'अभिप्राय मिळाला' हा रकाना. त्यात विद्यार्थ्याने सही करायची. काय अभिप्राय मिळाला, हे लिहायला त्या ओळीत जागा नाही. पोच आहे, पत्र नाही. हा तक्ता आखणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. अभिप्राय ही गोष्ट निदान त्यांनी कागदावर आणली. पण वाक्याऐवजी सही घेण्याची ही खोड जुनी आहे. आपल्याकडे डॉक्टर घडवण्याचा इतिहास पाहिला तर शिकाऊ माणसाच्या कामाविषयी लिहिण्याची जागा आधी गुणांनी, मग आकड्यांनी आणि शेवटी सहीने व्यापलेली दिसते.

मुंबईत १८२६ मध्ये जॉन मॅक्लेनन यांच्या हाताखाली देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी एक संस्था निघाली होती. ती १८३२ मध्ये बंद झाली. पुढे १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं, तेव्हा पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड यांनी शिक्षणाचा भर जे.जे. रुग्णालयातल्या खाटेजवळच्या कामावर ठेवला. मोरहेड एडिनबरोत शिकले आणि पॅरिसमध्ये पियेर लुई यांच्याकडे. मतापेक्षा नोंद मोठी मानणारे आणि रोगी मोजून निष्कर्ष काढणारे म्हणून लुई ओळखले जात. त्या परंपरेत रोग्याची हकीकत लिहून काढणं हेच मुळी शिक्षण होतं. मोरहेड यांचा हिंदुस्थानातल्या रोगांवरचा दोन खंडांचा ग्रंथ १८५६ मध्ये आला, तोही असल्याच वॉर्डातल्या टिपणांवर उभा आहे. १८५१ मध्ये कॉलेजातून पहिले आठ पदवीधर बाहेर पडले. भाऊ दाजी लाड त्यांतले एक. आठांच्या तुकडीत कोणाचा हात कुठे अडखळतो हे शिक्षकाला ठाऊक असायला फारसा खटाटोप लागत नाही. मग १८५७ मध्ये विद्यापीठ आलं, १८६० मध्ये कॉलेज त्याला जोडलं गेलं, आणि परीक्षा हे शिक्षणाचं मुख्य दार झालं. परीक्षेला सगळे सारखे दिसतात, हा तिचा मोठाच गुण. वशिल्याच्या समाजात अनोळखी परीक्षकाचे गुण पुष्कळांना न्याय देऊन गेले, हे नाकारण्यात अर्थ नाही. फक्त, पन्नासपैकी सत्तावीस मिळालेल्याला आपलं काय चुकलं हे त्या सत्तावीसवरून कधीच कळत नाही.

इंटर्नशिप ही तरी कामातून शिकण्याची जागा. तिथेही तेच झालं. मेडिकल कौन्सिलच्या १९९७ च्या नियमांत इंटर्नने कामाची नोंद ठेवावी असं होतं, आणि मूल्यमापनासाठी शून्य ते पाच अशी मोजपट्टी होती. तीनपेक्षा कमी म्हणजे काम असमाधानकारक. इंटर्नचं वर्ष म्हणजे रक्त काढणं, टाके घालणं, बाळंतपणं, रात्रपाळ्या आणि रोग्याच्या नातेवाइकांशी बोलणं. एवढ्या सगळ्याचं उत्तर नुसत्या आकड्यांत, आणि तेही बहुधा पोस्टिंग संपताना, म्हणजे सुधारायला वाव उरत नाही तेव्हा.

मग अभिप्राय असावा कसा? जॅक एन्डे यांनी १९८३ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात जे मांडलं ते आजही जुनं झालेलं नाही: अभिप्राय माणसावर नको, पाहिलेल्या कामावर हवा, तो नेमका हवा आणि काम ताजं असताना हवा. जॉन नॉर्सिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये 'मिनी-सीईएक्स' ही पद्धत मांडली. वरिष्ठाने शिकाऊ डॉक्टरला रोगी तपासताना पंधरा-वीस मिनिटं पाहायचं आणि लगेच बोलायचं. महाराष्ट्राशी याचा धागा असा, की नॉर्सिनी पुढे वैद्यकीय शिक्षणात काम करणाऱ्या ज्या फेमर संस्थेचे प्रमुख झाले, तिचं भारतातलं पहिलं प्रादेशिक केंद्र २००५ मध्ये परळच्या सेठ जी.एस. मेडिकल कॉलेजात, म्हणजे केईएममध्ये सुरू झालं. डॉ. अविनाश सुपे यांच्यासारख्या शल्यविशारदांनी तिथे शिक्षकांनाच शिकवण्याचं काम हाती घेतलं. तेव्हा पद्धत आपल्याला ठाऊक नव्हती, ही सबब निदान वीस वर्षांपूर्वीच संपली.

नेमका अभिप्राय म्हणजे काय, ते उत्तनच्या किनाऱ्यावर उभं राहून पाहावं. तिथला खलाशी बोट दुखतं म्हणून दवाखान्यात येतो. बोट जांभळट-लाल, सुजलेलं, ठणकणारं. शिकाऊ डॉक्टर 'जखमेचा संसर्ग' असं लिहितो आणि नेहमीच्या गोळ्या देतो. वरिष्ठाने त्यावर 'ठीक, अधिक वाचन करावे' असा शेरा मारला तर तो कोणालाही, कशावरही चालेल. त्याऐवजी हे पाहा: 'सूज कुठवर आली ते पेनाने आखून ठेवलंस, ते चांगलं केलंस. काम काय करतो ते विचारलं नाहीस. मासळी हाताळताना काटा लागून होणारा एक वेगळा संसर्ग असतो, तो तुझ्या यादीत आलाच नाही. उद्या बोटीवर जाणार असेल तर पुन्हा कधी दाखवणार, हेही विचारायला हवं होतं. पुढच्या पाच रोग्यांत व्यवसाय आधी लिही, मग मला केस पेपर दाखव.' चार-पाच ओळी, लिहायला तीन-चार मिनिटं. रोग्याचा धंदा विचारा, असं इटालियन वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० मध्येच वैद्यांना सांगून ठेवलं होतं. पण पुस्तकातला सल्ला आणि स्वतःच्या केस पेपरवर उमटलेला सल्ला यांत अंतर असतं.

वेळ कुठे आहे, हा पहिला आक्षेप. सरकारी ओपीडीची रांग पाहिलेला कोणीही तो हसण्यावारी नेणार नाही. पण प्रत्येक रोग्यावर लिहा, असं कोणी म्हणतच नाही. आठवड्यातून एका शिकाऊ डॉक्टरच्या एका कामावर चार ओळी, एवढंही पुरतं. आज लॉगबुकाच्या गठ्ठ्यावर एका बैठकीत सह्या ठोकण्यात जो वेळ जातो, त्यातूनच तो काढता येईल. दुसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा: आमचे सर राउंडवर सगळ्यांदेखत झापायचे, त्यातूनच आम्ही घडलो. झापण्यात नेमकेपणा असतोही कधीकधी. पण ज्याला सर्वांसमोर बोलणी बसली त्याच्या लक्षात अपमान राहतो, मुद्दा निसटतो. क्लुगर आणि डिनीसी या संशोधकांनी १९९६ मध्ये सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा तिसऱ्या हिश्शाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर काम उलट खालावलेलं दिसलं. लक्ष कामावरून उडून स्वतःकडे वळलं की असं होतं, असा त्यांचा खुलासा होता. लेखी अभिप्रायाविरुद्धही हाच पुरावा वापरता येईल, कारण कागदावरही माणसाला घायाळ करता येतं. म्हणूनच लिहिणाऱ्याला शिकवावं लागतं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. लिहिलेलं राहतं, उद्या चौकशी निघाली तर हीच ओळ पुढे येईल, या भीतीने वरिष्ठ गुळमुळीत लिहितात आणि शिकाऊ डॉक्टर चुका लपवतात. याला उपाय एकच: शिकण्यासाठीचा कागद आणि पास-नापास ठरवणारा कागद वेगळे ठेवायचे. आज एकाच तक्त्यात दोन्ही कोंबले आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काम करावं लागतं, तिथे तर हा घोळ अधिकच महाग पडतो. मूळ कॉलेजातले शिक्षक फोनच्या टोकाला, शेजारी काम पाहणारा डॉक्टर तिथलाच, आणि शेवटी कॉलेजात पोहोचतं ते समाधानकारक काम केल्याचं प्रमाणपत्र. ज्याने तीन महिने काम पाहिलं त्याच्याकडून कॉलेजने प्रमाणपत्राबरोबर, गुणांशी संबंध नसलेलं एक पान मागवावं: काय पाहिलं, काय जमलं, पुढे काय करून पाहावं. आणि एमबीबीएसच्या लॉगबुकातल्या 'अभिप्राय मिळाला' या रकान्यातही विद्यार्थ्याने सही न करता मिळालेल्या अभिप्रायातलं एक वाक्य स्वतःच्या शब्दांत लिहावं.